डाळ शिजेपर्यंत

गावात राहायला आलो आणि पहिले चार दिवस आमच्याकडे तुरीची डाळ शिजली नाही. कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या, आठ झाल्या, पण झाकण उघडलं की वर पाणी वेगळं, खाली डाळ वेगळी, दाणा अख्खाच्या अख्खा. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, वाटलं डाळच जुनी आहे. मला वाटलं कुकरची रिंग गेली. ह्यांनी जवळच्या हातोदला जाऊन नवी रिंग आणली. पाचव्या दिवशी मी ती डाळ तशीच रवीनं घोटली, हिंग-मोहरीची फोडणी दिली, आणि धाकटीनं पहिल्याच घासाला विचारलं, "आई, ह्यात वाळू आहे का?"

तोवर मी रडले नव्हते. इंदूरला सुदामानगरच्या घराला कुलूप लावताना नाही, ट्रक निघताना नाही. त्या दिवशी मात्र ओट्यापाशी उभी राहून रडले.

शेजारच्या जीजी तेव्हा ओसरीवर आईंशी बोलत बसल्या होत्या. साठी उलटलेली बाई, सगळं गाव त्यांना जीजीच म्हणतं. त्या आत आल्या, पातेल्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "भाबी, बोरिंग का पाणी में दाल नी गले. नीम वाली कुई को पाणी लाओ." एवढं बोलून त्या निघून गेल्या. पंधरा मिनिटांत त्यांचा नातू कळशी घेऊन दारात उभा. त्या पाण्यात चार शिट्ट्यांत डाळ अशी शिजली की डावानं नुसती ढवळली तरी वरण झालं.

कारण साधं आहे. आमचं बोरिंग चारशे फूट खोल, काळ्या खडकातलं. पाणी दिसायला स्वच्छ, पण जड. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशी जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला धरून बसतं आणि दाणा फुटतच नाही. खाण्याचा सोडा टाकला तर फुटतो, पण मग चव जाते. कडुनिंबाजवळची कुई, म्हणजे लहान विहीर, जेमतेम पस्तीस फुटांची. तिच्यात पावसाचंच पाणी झिरपून साठतं, म्हणून ते हलकं. हे गावातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. आम्ही निघण्याआधी वर्षभर वह्या भरून तयारी केली होती, त्यात ही एक ओळ कुठे नव्हती.

आम्ही शहराला कंटाळून गावात आलो नाही, हे आधी सांगते, कारण सगळे तेच धरून चालतात. इंदूर माझं माहेर आणि सासर दोन्ही. सकाळचे पोहे आणि त्यावर भुरभुरायचा जीरावन मसाला सोडून येणं मला सोपं गेलं नाही. पण सासरे २०२२ मध्ये गेले, आणि हातोदच्या पुढे, यशवंत सागर तलावाच्या बाजूला, त्यांच्या वडिलांनी घेतलेली नऊ बिघे जमीन आणि जुनं घर कुणीतरी बघायला हवं होतं. बटाईनं लावलेल्या जमिनीकडे वर्षातून दोनदा जाऊन भागत नाही. ह्यांनी पीथमपूरची नोकरी सोडून मशीनच्या ड्रॉइंगची कामं घरून घ्यायला सुरुवात केली होती. मी शाळेत शिकवत होते, ती नोकरी सोडली. आई बहात्तर वर्षांच्या. थोरला नववीत, धाकटी तिसरीत. आखातीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, १० मे २०२४ रोजी, आम्ही आलो. माळव्यात हालीचा, म्हणजे सालदाराचा, करारही आखातीज ते आखातीज असतो, त्यामुळे हिशेबाचं वर्ष त्याच दिवसापासून धरणं सगळ्यांना सोयीचं होतं.

शहरात पाणी कुठून येतं हा विचार माझ्या पिढीनं केला नाही. आईंना मात्र तो ठाऊक आहे. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा इंदुरात पाण्याची फार ओढाताण होती. १९७० साली नर्मदेसाठी लोक रस्त्यावर उतरले आणि १९७८ मध्ये जलूदहून घाट चढून नर्मदा शहरात आली. नळाला पहिलं पाणी आलं तेव्हा त्यांनी तांब्याला हळदकुंकू लावलं होतं. कुईची पहिली कळशी घरात आली तेव्हाही त्यांनी तसंच केलं. मला आधी ते जुन्या वळणाचं वाटलं. आता रोज दोन कळशा उचलून आणते, आता नाही वाटत.

"मालव धरती गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर" असं इथे सगळे म्हणतात, पण एप्रिल लागला की बोरिंग दहा मिनिटं पाणी देतं आणि मग हवा फेकतं. माळव्यातल्या काळ्या खडकात पाणी भेगांमध्ये असतं. भेग लागली तर लागली, नाही तर सहाशे फूटही कोरडं. देवासकडे २००६ पासून शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात तळी खणली, कलेक्टर उमाकांत उमराव यांनी ती मोहीम उभी केली होती. आईंचं माहेर देवासचं. त्यांनी ती तळी पाहिली आहेत आणि आमच्या वरच्या कोपऱ्यातला अर्धा बिघा तळ्यासाठी सोडा म्हणून त्या ह्यांच्या मागे लागल्या आहेत. मी त्यांच्या बाजूनं आहे.

आता कागदांचं. ते थोडक्यात सांगते, पण कुणी असं पाऊल उचलणार असेल तर ह्याकडे दुर्लक्ष करू नये. सासऱ्यांच्या नावावरून वारसांच्या नावावर जमीन आणायची तर फौती नामांतरण करावं लागतं. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, दोन्ही नणंदांची सही, पटवारीचा, म्हणजे तलाठ्याचा, अहवाल, मग इश्तहार, म्हणजे जाहीर नोटीस, मग आदेश. आमचं अडलं ते आडनावावर. खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यात, कुणी तरी कधी तरी आमचं मराठी आडनाव हिंदी कानानं ऐकून लिहिलं होतं, एक काना जास्त. आधारवर एक, खसऱ्यात दुसरं. त्या कान्यासाठी पाच महिने गेले आणि ह्यांनी तहसील कचेरीच्या अकरा खेपा घातल्या. दर खेपेला नवं शपथपत्र. शेवटी सासऱ्यांची १९६८ सालची जुनी पावती ट्रंकेत सापडली, तिच्यावर आडनाव बरोबर होतं, तेव्हा काम झालं. जुने कागद टाकू नका. पिवळे पडलेले, वाळवीनं खाल्लेले, कसेही असोत.

दुसरं समग्र आयडीचं. मध्य प्रदेशात कुटुंबाचा आठ अंकी आणि प्रत्येक माणसाचा नऊ अंकी समग्र नंबर असतो. आमचा सगळा परिवार नगर निगमच्या वॉर्डात होता, तो ग्रामपंचायतीत आणावा लागला, त्याशिवाय मुलांच्या दाखल्याचं काम पुढे सरकेना. मतदार यादीसाठी फॉर्म ८ भरला. हे सगळं इंदुरात असतानाच सुरू केलं असतं तर जून सुखाचा गेला असता.

जून कसा गेला ते आता सांगते. आमच्या घरापासून डांबरी रस्ता तीनशे फुटांवर आहे. मे महिन्यात ती वाट दगडासारखी कडक होती, ट्रक थेट दारापर्यंत आला. ह्यांचं म्हणणं होतं आधी मुरूम टाकू, माझं म्हणणं आधी घर रंगवू आणि न्हाणीघर नीट करू. पैसे एकाच कामापुरते होते. माझं ऐकलं गेलं. पहिला जोराचा पाऊस झाला आणि काळी माती फुगली. ह्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती लोण्यासारखी होते. चपलेला चिकटते, मग चपलेला चिकटलेल्या मातीला चिकटते, चौथ्या पावलाला पाय उचलत नाही. स्कूटरच्या चाकात माती भरून चाक फिरेनासं झालं. घराची दारं फुगली, मागचं दार आठ दिवस लागलं नाही.

शाळेची व्हॅन डांबरी रस्त्यावरच थांबायची. थोरला रोज सकाळी शाळेचे बूट पिशवीत घेऊन अनवाणी चालत जायचा. रस्त्याशी पाण्याची बाटली उपडी करून पाय धुवायचा, मोजे घालायचा, बूट घालायचा. मी ओसरीतून बघत असायची. पावसात तो एका पायावर उभा राहून मोजा ओढतो आहे, दप्तर छातीशी धरलेलं, आणि व्हॅनमधली मुलं काचेतून बघताहेत. पंधरा वर्षांच्या मुलाला ते किती लागत असेल ते आईला कळतं. तो एका शब्दानं बोलला नाही. मी मुरमासाठी गावभर विचारत फिरले, पण पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर रिकामा कुणाचा? ऑक्टोबरात, सोयाबीन निघाल्यावर, बावीस ट्रॉल्या मुरूम पडला. रंग थांबला असता. वाट थांबायला नको होती.

पेरणीतही आमची घाई नडली. सहा बिघे बटाईनं तसेच ठेवले होते, तीन बिघे ह्यांनी स्वतः करायला घेतले. पहिल्या पावसात माती भिजलेली दिसली आणि ह्यांनी सोयाबीन पेरून टाकलं. जीजींचे यजमान, त्यांना आम्ही दाजी म्हणतो, आदल्या दिवशी बांधावर येऊन गेले होते. त्यांनी हातभर खाली खुरप्यानं उकरलं, तिथली माती मुठीत दाबली, उघडलेल्या मुठीत तिचा भुगा झाला. ते काही बोलले नाहीत, भुगा ह्यांच्या हातावर ठेवला आणि गेले. आम्हाला त्यातलं काही कळलं नाही. नंतर बारा दिवस पाऊस नाही. उगवलेलं करपलं, न उगवलेलं कुजलं, दोन बिघे दुबार पेरावे लागले. इंदुरात खंडवा रोडला १९८७ पासून सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. शंभर मिलिमीटर, म्हणजे चार इंच पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असा तिचा सल्ला दरवर्षी पेपरात येतो. मीही तो वर्षानुवर्षं वाचत आले होते, सोयाबीनच्या भावाच्या बातमीखाली. दाजी चार इंच मातीच्या मुठीवरून ओळखतात. दुबार पेरणीच्या दिवशी हे स्वतः त्यांना बोलवायला गेले. दाजींनी तशीच मूठ दाबली, ह्या वेळी लाडू वळला, तो त्यांनी ह्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "अब वावो."

कचऱ्याचं मला वेगळं सांगायचं आहे. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं येत आलं, त्याचा आम्हाला मनापासून अभिमान. ओला वेगळा, सुका वेगळा, रोज सकाळी गाडी दारात. गावात गाडी नाही. पहिला महिना आम्ही कचरा वेगवेगळ्या पोत्यांत भरून गोठ्यामागे ठेवत गेलो, आणि हे शहरात कामाला जाताना एकेक पोतं घेऊन जायचे. ओल्या कचऱ्याला वास सुटला, अळ्या झाल्या. ह्यांचे एक मामा कृषी महाविद्यालयात नोकरीला होते. ते भेटायला आले, पोती बघितली आणि म्हणाले, इंदूरचा माणूस आणि कचरा परत इंदूरला नेतोस?

त्यांनी सांगितलं ते मला पन्नास वर्षं इंदुरात राहून कुणी सांगितलं नव्हतं. जगात कंपोस्टच्या एका पद्धतीचं नावच इंदूर पद्धत आहे. आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे १९२४ पासून इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री होती. अल्बर्ट हॉवर्ड तिचे प्रमुख, आणि त्यांच्याबरोबर ह्या कामात यशवंत वाड. दोघांनी १९३१ मध्ये ते सगळं पुस्तकात मांडलं. १९३५ मध्ये गांधीजी इंदूरला आले तेव्हा त्यांनीही ते काम तिथे जाऊन पाहिलं. आणि हॉवर्ड स्वतः म्हणत की ही विद्या आपण इथल्या शेतकऱ्यांकडून घेतली.

मामांनी गोठ्यामागे खड्डा आखून दिला, फार खोल नाही, दोन-अडीच फूट, कारण खाली हवा पोचली पाहिजे. तळाशी तुरीच्या काड्या, वर पालापाचोळा आणि भाज्यांची देठं, त्यावर शेणाचा काला, त्यावर गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती आणि चुलीची राख, मग पाणी. पुन्हा तोच क्रम. पंधरा-सोळा दिवसांनी पहिली पालथ, महिन्यानं दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी. पहिल्या पालथीला आईंनी ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवायला सांगितली. दहा मिनिटांनी काढली तर हात लावता येईना. तीन महिन्यांनी जे निघालं ते काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या वासाचं. वास मुळीच घाण नाही. प्लॅस्टिक अजून शहरातच जातं, त्याला गावात उपाय नाही, आणि पंचायतीच्या बैठकीत मी ते दोनदा बोलले आहे. तिसऱ्यांदाही बोलणार आहे.

भाषेची भीती मला मुलांपेक्षा जास्त होती. इंदुरात आमचं मराठी घरात, नात्यात, महाराष्ट्र साहित्य सभेच्या कार्यक्रमात, गणपतीच्या दहा दिवसांत टिकून होतं. गावात मराठी बोलणारं आमचं एकच घर. लोक आम्हाला दखणी म्हणतात, वाईट अर्थानं नाही, फक्त ओळख म्हणून. मग भाद्रपदात संजा आली. पितृपक्षात रोज संध्याकाळी मुली शेणानं भिंतीवर आकृती काढतात, फुलांच्या पाकळ्या लावतात, आरती करतात, दुसऱ्या दिवशी नवी. धाकटीला जीजींची नात ओढून घेऊन गेली. पहिले दोन दिवस धाकटी शेणाला हात लावेना. सप्तमीला ती कोपरापर्यंत बरबटून आली, सातिया, म्हणजे स्वस्तिक, तिनं एकटीनं काढला होता.

आणि त्याच दिवशी आई उठून त्यांच्या भिंतीशी गेल्या, ओळ चुकत होती ती मुलींना म्हणून दाखवली, अस्सल माळवीत. मी एकवीस वर्षं त्यांची सून आहे. त्यांना माळवी येते हे मला ठाऊक नव्हतं, ह्यांनाही नव्हतं. देवासच्या माहेरी त्या मैत्रिणींशी माळवीतच बोलायच्या. लग्नानंतर इंदुरात बोलायला कुणी नव्हतं, म्हणून पन्नास वर्षं ती भाषा त्यांच्या तोंडी आली नाही. आता त्या दुपारी जीजींकडे जातात आणि दोन तास बसतात. घरी आमच्याशी मराठी. अमावास्येला किलाकोट, म्हणजे संजाची शेवटची मोठी आकृती, झाला तेव्हा धाकटीला आई भोंडल्याची गाणी शिकवत होत्या आणि जीजींची नात तीही म्हणत होती, उच्चार थोडे आडवेतिडवे, पण चालीत.

थोरल्याला वेळ लागला. तो वर्षभर फक्त क्रिकेटपुरता बाहेर पडायचा. नेट मधूनमधून जातं, शेतीच्या फीडरला दिवसात दहा तासच वीज असते, मोटर रात्री दोनला सुरू करावी लागते, ते काम त्यानं न सांगता अंगावर घेतलं. पण गावात त्याचं कुणी आहे असं मला दिसत नव्हतं, आणि ते मला आतून कुरतडत होतं.

ह्या मे महिन्यात कुईचा गाळ काढायचं ठरलं. दर दोन-तीन वर्षांनी पाऊस लागायच्या आधी काढतात. जी घरं पाणी भरतात त्यांनी घरटी एक माणूस द्यायचा. कडुनिंबाच्या पारावर दाजींनी कोळशानं रेघा ओढल्या, एका घराची एक रेघ. सोळा घरं होती. त्यांनी सतरावी ओढली आणि ह्यांच्याकडे पाहिलं. हे उठायच्या आत थोरला शर्ट काढून उभा राहिला.

कमरेला दोर बांधून तो खाली उतरला. वरून फक्त त्याचं डोकं दिसत होतं आणि फावड्याचा आवाज येत होता. तगारी भरली की तो दोर हलवायचा, वर चार जण ओढायचे. दोन तासांनी त्याला वर घेतला तेव्हा डोळे सोडून सगळा चिखल. जीजींच्या नातवानं त्याच्या अंगावर बादली ओतली आणि दोघं काय बोलले कोण जाणे, हसत पारावर जाऊन बसले. गाळ चांगला असतो, दाजींनी तो आमच्या खड्ड्यावर टाकायला लावला.

नंतरचे दोन दिवस कुईचं पाणी गढूळ होतं, कुणीच भरलं नाही. त्या दोन दिवसांत त्या सतरा घरांत तुरीची डाळ शिजली नाही. मूग बोरिंगच्या पाण्यातही शिजतो, म्हणून सगळीकडे मूग. आमच्याकडेही मूगच.